मागून उचलली, पण पुढे टेकली का?

वाचकांचे प्रश्न : ट्रक, ट्रेलर आणि कॅम्पर

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. ट्रकला कॅम्पर (प्रवासात राहायची केबिन) जोडला किंवा पाठीवर चढवला की गाडी मागून बसते. मग ती उचलायचा काहीतरी उपाय होतो, गाडी दिसायला सरळ होते, आणि तरीही रस्त्यावर डुलते. उंची सरळ होणं आणि वजन जागेवर येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तो फरक नीट कळावा म्हणून पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिलं आहे.

माझी फोर्ड एफ-150, चार दारांची, साडेपाच फुटी हौद्याची. मागे 26 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, सामानासकट 6,200 पाउंड, टंग वेट (ट्रेलर जोडायच्या हिचच्या बॉलवर येणारं वजन) 750. मागचा भाग अडीच इंच बसायचा म्हणून अ‍ॅक्सलवर एअरबॅग (सस्पेन्शनला आधार देणारी हवेची रबरी उशी) बसवून 60 पीएसआय हवा मारली. आता ट्रक अगदी लेव्हलमध्ये दिसतो, पण 65 मैलांच्या वेगाला स्टिअरिंग हलकं लागतं आणि बाजूने अठरा चाकी गेला की गाडी हलते. हवा आणखी वाढवू का?
— एक वाचक, डॅलस, टेक्सस

नका वाढवू. तुमचा त्रास मागच्या चाकांचा नाही, पुढच्या चाकांचा आहे.

साधा तरफेचा हिशेब करू. तुमच्या ट्रकचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, सुमारे 145 इंच. मागच्या अ‍ॅक्सलपासून हिचच्या बॉलपर्यंत 60 इंच धरू. तुम्ही टेप लावून नक्की मोजा. बॉलवर 750 पाउंड टेकले की मागचा अ‍ॅक्सल टेकू होतो आणि पुढचा भाग उचलला जातो. 750 गुणिले 60 भागिले 145, म्हणजे पुढच्या चाकांवरचं 310 पाउंड वजन कमी झालं. मागच्या चाकांवर 750 नव्हे, 1,060 आले. एअरबॅगने यातला एक पाउंडही इकडचा तिकडे होत नाही. चेसिस आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर तिने वाढवलं, एवढंच. पुढची चाकं जेवढी हलकी होती तेवढीच राहिली, म्हणून स्टिअरिंग तरंगतं. ब्रेक मारताना सगळ्यात जास्त काम पुढच्या चाकांना असतं, त्यामुळे ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

तुम्हाला हवी आहे वेट डिस्ट्रिब्युशन हिच. तिच्या दोन स्प्रिंग बार ट्रेलरच्या पुढच्या तिकोनी सांगाड्यावर (ए-फ्रेमवर) ताणून बसतात आणि ट्रकच्या मागच्या भागाला वर उचलणारा पीळ देतात. त्यामुळे काही वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर परत जातं आणि काही ट्रेलरच्या चाकांवर. रिसीव्हरवरचं, म्हणजे ट्रकच्या मागे हिच जिथे बसते त्या खाचेवरचं, स्टिकरही वाचा. अलीकडच्या एफ-150 वर या हिचशिवाय 5,000 पाउंड ट्रेलर आणि 500 पाउंड टंग वेट एवढीच मर्यादा लिहिलेली असते. तुम्ही दोन्ही ओलांडल्या आहेत.

हिच लावताना पहिलं काम म्हणजे एअरबॅगमधली हवा किमान दाबावर आणणं. बहुतेक संचांना तो 5 पीएसआय असतो. पूर्ण रिकामी ठेवू नका, रबर घडीत चिमटून फाटतं. प्रवासाचं सामान ट्रकमध्ये भरा, गाडी सपाट जागी उभी करा आणि ट्रेलर न जोडता पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा. समजा 38 इंच आली. ट्रेलर जोडा, बार लावू नका, पुन्हा मोजा. समजा 39¼. आता बार ताणून तिसऱ्यांदा मोजा. एफ-150 साठी वाढलेल्या उंचीपैकी साधारण निम्मी परत यायला हवी, म्हणजे 38⅝ च्या आसपास. इतर कंपन्यांचं प्रमाण वेगळं असतं, त्यांच्या मॅन्युअलमध्ये बघा. कमी पडलं तर साखळीची एक कडी वर घ्या किंवा हिचच्या डोक्यात वॉशर वाढवून बॉल मागे झुकवा. बार अडकवताना ट्रेलरच्या जॅकने ट्रकची शेपूट आणि कपलर (ट्रेलरचा बॉलवर बसणारा भाग) एकत्र वर उचला, मग बार हाताने सहज चढतात. नुसत्या दांड्याने रेटायला गेलात तर निसटलेला बार मनगट मोडू शकतो.

उंची पूर्ण 38 वर आणायचा किंवा त्याखाली न्यायचा मोह टाळा. बार जास्त ताणले की मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर ट्रकची शेपूट घसरते.

मग हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलच्या काट्यावर जा. तिथे पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी मिळतात. तीन पावत्या घ्या: एकटा ट्रक, बार न लावलेला ट्रेलर, आणि बार लावलेला. एकट्या ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल 3,100 दाखवत असेल तर दुसऱ्या पावतीत 2,790 च्या जवळपास येईल आणि तिसरीत 2,945 च्या आसपास यायला हवं. हे आकडे जुळले की काम झालं.

यानंतरही शेपूट थोडी खाली वाटली तर 15-20 पीएसआय हवा चालेल. पण हवा भरली की ट्रकची मागची बाजू वर येते आणि बार सैल पडतात, त्यामुळे पुढची उंची पुन्हा मोजावी लागते. आधी बार, मग हवा. हा क्रम उलटा झाला की पहिल्यापासून सुरुवात.

अजून एक. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. समजा तिथे 1,650 पाउंड आहे. त्यातून टंग वेट 750, हिचचं स्वतःचं वजन 100 आणि चार माणसांचे 600 वजा करा. उरले 200. हौद्यात जनरेटर, लाकडं आणि कूलर टाकला की ते संपले. एअरबॅग, हेल्पर स्प्रिंग, जाड शॉकअ‍ॅब्सॉर्बर, यातल्या कशानेही तो आकडा वाढत नाही.

दोन वर्षं ट्रेलर व्यवस्थित चालत होता. या उन्हाळ्यात मागच्या बंपरवर दोन इ-बाइक्सचा रॅक लावला आणि 60 मैलांच्या पुढे ट्रेलर शेपूट हलवायला लागला. ट्रकचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेले असतील का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

शॉकअ‍ॅब्सॉर्बर नंतर बघू, आधी सायकली उतरवा. बाइक्स आणि रॅक मिळून 150 पाउंड धरू. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपासून ते 14 फूट मागे आणि बॉल 17 फूट पुढे असेल तर बॉलवरचं सुमारे 124 पाउंड वजन उचललं गेलं. तुमचं टंग वेट आधी 640 होतं आणि भरलेला ट्रेलर 6,000 पाउंडांचा, असं तुम्ही पत्रात लिहिलं आहे. म्हणजे आधी जवळजवळ 11 टक्के होतं, आता 6,150 वर 516, म्हणजे 8.4 टक्के. बॉलवर चालणाऱ्या ट्रेलरला 10 ते 15 टक्के लागतात. त्याखाली गेलं की ट्रेलर लंबकासारखा डोलायला लागतो, आणि टोकाला ठेवलेलं वजन तो झोका लवकर थांबू देत नाही.

बाइक्स ट्रकच्या हौद्यात किंवा ट्रेलरच्या पुढच्या भागात न्या. शिवाय बऱ्याच ट्रेलरचा मागचा चौकोनी बंपर पातळ पत्र्याचा असतो, सांडपाण्याचा पाइप ठेवण्यापुरता. त्यावर रॅक लावला की वेल्डिंग तडकतं. पिण्याच्या पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर तीही तपासा. 40 गॅलन म्हणजे 334 पाउंड.

चालता चालता डोलणं सुरू झालंच तर ट्रकचा ब्रेक जोरात मारू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरशी उलटसुलट झुंजू नका आणि डॅशवरच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागे ताणला गेला की सरळ होतो. वेग वाढवून सरळ करण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नका. ती कळ कुठे आहे हे बोटांना न बघता कळलं पाहिजे, म्हणून रिकाम्या पार्किंगमध्ये दोन-चारदा दाबून बघा.

एफ-350, मागे एकेरी चाकं, आठ फुटी हौदा, पाठीवर ट्रक कॅम्पर. वळणावर आणि आडव्या वाऱ्यात गाडी एका बाजूला लोळते, पुलाच्या सांध्यांवर घोड्यासारखी उसळते. एअरबॅग, टिंब्रेन, स्टेबललोड, जाड अँटी-रोल बार, प्रत्येक जण वेगळं सांगतो. सुरुवात कशाने करू?
— एक वाचक, रेडमंड, वॉशिंग्टन

काहीही विकत घेण्याआधी एक तपासणी करा, पैसे लागत नाहीत. कॅम्पर चढवलेला, गाडी सपाट जागी. एकाने कॅम्परच्या वरच्या कोपऱ्याला हात लावून लयीत ढकलायचं आणि तुम्ही मागच्या चाकाजवळ उकिडवं बसून तीन फटींकडे बघायचं. कॅम्पर आणि हौद्याचा कठडा यांच्यातली फट उघडझाप करत असेल तर बांधणी ढिली आहे. टायरची कड रिमजवळ फुगून आत-बाहेर होत असेल तर हवा कमी आहे किंवा टायर त्या वजनाचा नाही. या दोन्ही जागा स्थिर आणि चेसिस-अ‍ॅक्सलमधलं अंतर मात्र कमी-जास्त होतंय, तर मग दोष सस्पेन्शनचा. पुष्कळ लोक पहिल्या दोन दोषांसाठी तिसऱ्याचे सुटे भाग विकत घेतात.

बांधणी ढिली असेल तर चारही टर्नबकल (कॅम्पर आवळून धरणारे ताणाचे स्क्रू) सारख्या ताणाचे करा, हौद्यात जाड रबरी मॅट घाला म्हणजे कॅम्पर सरकणार नाही, आणि पहिल्या 50 मैलांनंतर थांबून ताण पुन्हा बघा. हौद्याच्या पत्र्याला अडकवलेल्या कड्यांपेक्षा चेसिसला बोल्ट केलेल्या कड्या आम्हाला कितीतरी जास्त भरवशाच्या वाटतात.

टायर लोड रेंज ई चेच हवेत. एलटी275/70आर18 मापाचा, 125 लोड इंडेक्सचा टायर 80 पीएसआयला 3,638 पाउंड पेलतो, जोडी 7,276. दाब टायर थंड असताना मोजा.

आता वजन. समजा कंपनीच्या पत्रकात कॅम्परचं वजन 2,900 पाउंड आहे. ते कोरडं वजन, म्हणजे पाणी आणि सामान न भरता. 45 गॅलन पाण्याचे 375, त्यावर गॅस, बॅटऱ्या, भांडी, कपडे, अन्न. कोरड्या वजनात 1,000 मिळवले की प्रवासाच्या वजनाच्या बऱ्यापैकी जवळ जाता. कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते. ती मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याच्या थोडी पुढे यायला हवी. मागे गेली तर पहिल्या पत्रातली तरफ इथेही सुरू होते आणि कुठलाही स्प्रिंग ती थांबवू शकत नाही.

हे सगळं ठीक असेल तर पहिला खर्च स्टेबललोडवर करा. तुमच्या ट्रकच्या मागच्या सस्पेन्शनमधल्या पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) जुडग्यात एक जाड ओव्हरलोड पाटा असतो. तो बराच भार आल्यावरच टेकतो. तोवर टेकण्याआधीची फट मोकळी असते. वळणावर गाडी त्या फटीतून मुकाट कलंडते आणि मग एकदम धडकून थांबते. तुम्हाला जे लोळणं जाणवतं ते बरंचसं हेच आहे. स्टेबललोडची गादी ती फट भरते, त्यामुळे जाड पाटा पहिल्यापासून कामाला लागतो. कॅम्पर उतरवला की ती बाजूला करायची, नाहीतर रिकामी गाडी दणके देते.

दुसरा खर्च मागच्या जाड अँटी-रोल बारचा. तो एका बाजूचं खाली जाणं आणि दुसरीचं वर येणं रोखतो, वजन पेलत नाही. म्हणून बसलेल्या गाडीला नुसता बार लावून भागत नाही. दोन्ही टोकांच्या लिंक भारलेल्या अवस्थेत जवळपास उभ्या राहतील अशा लांबीच्या ठेवा.

उसळणं हा शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा विषय. पाटे ताठ झाले की ते दाबले गेल्यावर जोरात परत फेकतात, आणि ते परत येणं आवरणं हे शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं काम. रँचोच्या आरएस9000एक्सएलला नऊ पायऱ्यांची घुंडी असते; रिकाम्या गाडीला 3, कॅम्परसकट 7 किंवा 8 पासून सुरुवात करून बघा.

टिंब्रेन म्हणजे बंप स्टॉपच्या जागी बसणारे पोकळ रबराचे स्प्रिंग. हवा नाही, गळती नाही, सतत भार वाहणाऱ्या गाडीला उत्तम. एअरबॅग घेणार असाल तर डाव्या-उजव्या बाजूच्या नळ्या वेगळ्या ठेवा. टी जोडून एकच नळी केली की वळणावर दबलेल्या बाजूची हवा हलक्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलंडते. आणि हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांवर येतात.

डबल कॅब यूट (इथला पिकअप), 2,600 किलोचा कॅरव्हॅन, बॉल वेट 260. एअरबॅग बसवायला गेलो तर मेकॅनिक म्हणाला, चेसिस वाकेल. हे खरं आहे का?
— एक वाचक, मेलबर्न

खरं आहे, आणि मेकॅनिक प्रामाणिक आहे. ऑस्ट्रेलियात आतल्या भागातल्या खडबडीत रस्त्यांवर केबिनच्या मागे वाकलेल्या चेसिसचे यूट पुष्कळ पाहायला मिळाले आहेत. पाट्यांच्या सस्पेन्शनमध्ये भार चेसिसला दोन जागी पोचतो, पाट्याच्या पुढच्या डोळ्यापाशी (टोकाच्या गोल भोकापाशी) आणि मागच्या शॅकलपाशी (मागचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीपाशी). एअरबॅग तोच भार अ‍ॅक्सलच्या वर एकाच बिंदूवर ढकलते. त्याच्या मागचा सगळा भाग, म्हणजे हौद्याचं टोक, हिच आणि कॅरव्हॅनचं नाक, अधांतरी लोंबतो. बॉल अ‍ॅक्सलपासून 1.25 मीटर मागे असेल तर उभ्या गाडीत 325 किलो-मीटरचा वाक येतो. खड्ड्यात गाडी आदळली की तो काही पटींनी वाढतो.

आधी वजनाची बेरीज करा. जीव्हीएम, म्हणजे भरलेल्या गाडीची कमाल वजनमर्यादा, 3,050 आणि गाडीचं स्वतःचं 2,110 धरलं तर राहिले 940 किलो. बॉल 260, चार माणसं 300, बुलबार, कॅनपी आणि कप्पे 250. उरले 130, त्यात फ्रिज, पाणी आणि दुसरी बॅटरी बसवायची. इथे बहुतेकांचं गणित फसतं.

कायम भार असेल तर एअरबॅगऐवजी प्रमाणपत्रासह जीव्हीएम वाढवून देणारा पाट्यांचा संच घ्या. त्याने ट्रेलरसकटची एकूण मर्यादा, जीसीएम, आपोआप वाढत नाही हे लक्षात असू द्या. मागच्या बारवरचा दुसरा स्पेअर आणि अवजारांची पेटी अ‍ॅक्सलच्या पुढे हलवा. वेट डिस्ट्रिब्युशन हिच गाडी आणि कॅरव्हॅन दोघांच्याही कंपन्यांना मान्य असेल तरच वापरा, आणि नाला-ओढा उतरण्याआधी तिचे बार काढा. तिथे तो पीळ चेसिसवर येतो.

आम्ही पिकअपवर कॅम्परची केबिन बसवली आहे. मागची कमान बसली. गॅरेजवाला म्हणतो दोन पाटे वाढवू, काम झालं. कसारा घाट नेहमीचा आहे.
— एक वाचक, नाशिक

दोन पाटे वाढवून काम होईल, पण काही गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या. पाटे जुडग्याच्याच कमानीचे आणि उतरत्या लांबीचे हवेत. भंगारातला दुसऱ्या गाडीचा सपाट पाटा मधे घुसवला तर मेन पाट्यावर एकाच जागी ताण येतो आणि तो सेंटर बोल्टपाशी तुटतो. जुडगं जाड झालं की यू बोल्ट लांब लागतात. ते नवे घ्या, जुने ताणलेले परत वापरू नका. गाडी भारलेली असताना आवळा आणि 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. ढिल्या यू बोल्टने सेंटर बोल्ट कातरला की अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि गाडी तिरकी पळते.

केबिनचं वजन गाडीच्या मंजूर भारात बसतं का ते वजनकाट्यावर बघा, आणि केबिनची नोंद आरटीओत झाली आहे ना तेही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही. विम्याचा दावा इथेच अडकतो.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि गॅरेजमध्ये हमखास विसरलं जाणारं: बऱ्याच पिकअपला मागच्या अ‍ॅक्सलजवळ एलएसपीव्ही, म्हणजे भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह, असतो. चेसिसवर बसवलेला व्हॉल्व्ह आणि अ‍ॅक्सलपर्यंत गेलेली एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग. गाडी खाली बसली की त्याला भार कळतो आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवून गाडी वर उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे. भार पूर्ण आणि मागचा ब्रेक अर्धा, ही अवस्था घाट उतरताना नको. सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडून ते तापतात. पाटे वाढवलेत की कंपनीच्या मापाप्रमाणे ती दांडी पुन्हा लावून घ्या. मग पूर्ण भारासह मोकळ्या जागी ताशी 30 किलोमीटरच्या वेगाने ब्रेक मारून बघा. नाक खाली झुकून पुढचीच चाकं घासत असतील तर दांडी अजून बरोबर लागलेली नाही. ती लागेपर्यंत घाटात जाऊ नका.